आपल्या वाड्यात कोण कोण राहून गेलं, ते कसं शोधावं

पुण्याच्या नारायण पेठेत ज्या वाड्यात मी लहानाची मोठी झाले, तो पाडायचं ठरलं तेव्हा माझ्या हातात चार महिने होते. आम्ही मालक नव्हतो. वडिलांनी १९५३ साली तळमजल्यावर तीन खण भाड्याने घेतले आणि आमचं बिऱ्हाड तिथे पन्नास वर्षं राहिलं. अशी सात बिऱ्हाडं होती. कागद सगळे मालकांकडे, आमच्याकडे फक्त आठवणी, अशीच माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे, कारण पेठांतले वाडे अजून पडताहेत आणि तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात असेच चार महिने असतील.

मी टपाल खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली. पत्ता वाचायची सवय हाडात मुरलेली आहे, तिचा या कामात फार उपयोग झाला.

कचेरीत जायच्या आधी माणसांकडे जा

बहुतेक लोक सुरुवात सिटी सर्व्हेच्या कचेरीतून करतात. मी सांगेन, ते नंतर. दफ्तरातला कागद आणखी वर्षभर थांबेल. चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकू थांबतीलच असं नाही. आमच्या माडीवरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांना भेटायचं मी दोन महिने पुढे ढकललं, आणि ते गेले. त्यांच्याबरोबर १९६१ च्या आधीचा वरचा मजला गेला.

गेल्यावर ‘वाड्याचा इतिहास सांगा’ असं म्हणू नका. समोरचा माणूस सावरून बसतो, घसा साफ करतो आणि पेशव्यांपासून सुरू करतो. त्याऐवजी विचारा: नळाला पाणी किती वाजता यायचं आणि पहिली घागर कुणाची? संडासाची चावी कुणाच्या खुंटीला असायची? जिन्याखाली कोण झोपायचं? गणपतीची आरती कुणाच्या ओसरीवर? पाण्याचा प्रश्न तर हमखास चालतो. नळावरची भांडणं माणूस साठ वर्षांनीही नावानिशी सांगतो, आणि त्या नावांतच तुमची बिऱ्हाडं सापडतात.

साल विचारू नका, खूण विचारा. आमच्याकडे सगळ्यात पक्की खूण म्हणजे पानशेत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि पाणी पेठांत शिरलं. ‘ते लोक पानशेतच्या आधी गेले की नंतर?’ या प्रश्नाचं उत्तर कुणीही ठामपणे देतं. तसाच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ, आणीबाणी. या खुणांच्या मध्ये एकेक बिऱ्हाड बसवत गेलं की दोन-तीन वर्षांच्या फरकाने काळ जुळतो. त्याहून बारीक हिशोब कागद करतील.

बरोबर एक मोठा कागद न्या आणि त्यांच्यासमोरच वाड्याचा आराखडा काढा. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, चौकातला हौद, ओसरी, सोपा, माजघर, मागचा बोळ. पेन्सिल त्यांच्या हातात द्या. मालकांच्या सूनबाईंनी, ज्यांना मी जन्मभर वहिनी म्हणत आले, पेन्सिल घेतल्याबरोबर माजघरामागे एक खोली काढली. ती माझ्या पिढीने पाहिलेलीच नव्हती. त्या म्हणाल्या, ‘इथे स्वयंपाकीणबाई राहायच्या. सासूबाईंच्या आधीपासून.’ नाव त्यांना आठवेना. सगळे त्यांना बाईच म्हणत.

घरातल्या घरात असलेले कागद

मग प्रत्येक बिऱ्हाडाकडे चार गोष्टी मागा: भाडेपावत्या, जुनी पत्रं, लग्नपत्रिका आणि पितळी भांडी.

भाडेपावतीवर महिना, रक्कम, घेणाऱ्याची सही आणि बहुधा जागेचं वर्णन असतं. आमच्या एका पावतीवर ‘माडीवरील पूर्वेकडील दोन खण’ इतकं नेमकं लिहिलेलं होतं. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, जुन्या घरात जागा खणांतच मोजत. सगळ्या पावत्या सालावार लावल्या की सही बदललेली दिसते. सही बदलली तिथे बहुधा मालकाच्या घरात कुणी वारलेलं असतं किंवा वाटण्या झालेल्या असतात. तो महिना टिपून ठेवा, पुढे कचेरीत तो फार कामाला येतो. रक्कम मात्र वर्षानुवर्षं हलत नाही, त्याने गोंधळू नका. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. पावतीवर साल फाटलेलं असेल तर पैशांकडे बघा. आणे असतील तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, ‘नवे पैसे’ असतील तर त्यानंतरच्या सात-आठ वर्षांतली.

नदीकाठच्या पेठांसाठी एक खास सूचना. पुराआधीचे कागद वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांकडे शोधा. तळमजल्यावरच्यांच्या ट्रंका भिजल्या, आमचीही भिजली. माझ्या वडिलांच्या नावाची १९५३ ची पावती मला आमच्या घरात मिळाली नाही. ती मिळाली माडीवरच्यांच्या पंचांगात, कारण त्या महिन्यात दोघांचं भाडं त्यांनी एकत्र भरलं होतं.

पत्रांविषयी मी जरा जास्त बोलेन. कार्डावरचा मजकूर आधी वाचू नका, पत्ता वाचा. ‘अमुक यांचे वाड्यात’ असं लिहिलेलं असेल तर तो अमुक त्या दिवशी मालक असेलच असं नाही. वाड्याला लोक जुन्याच मालकाच्या नावाने ओळखत राहतात, पोस्टमनसुद्धा. आमचा वाडा विकला गेल्यावर चाळीस वर्षं पत्रं आधीच्या मालकाच्या नावाने येत होती आणि बिनचूक पोचत होती. म्हणून पत्त्यातलं नाव आधीच्या मालकाचा माग काढायला वापरा, त्याच वेळच्या मालकाचा पुरावा म्हणून नको. ‘पुणे २’ किंवा ‘पुणे ३०’ एवढंच असेल तर कार्ड बहुधा जुनं. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, पण सवय मोडायला लोकांना बरीच वर्षं लागली, तेव्हा त्यावर एकट्यावर विसंबू नका. तारीख पक्की करायची ती टपालाच्या ठशावरून, आणि ठसे बहुधा दोन असतात, टाकल्या गावाचा आणि पोचल्या गावाचा.

‘द्वारा’ लिहून दुसऱ्याच आडनावाचं पत्र आलेलं दिसलं तर थांबा. तो भाचा असेल, शिकायला आलेला वारावर जेवणारा मुलगा असेल, किंवा पोटभाडेकरू असेल. १९४७ च्या कायद्याने पोटभाडेकरू ठेवायला बंदी घातली, त्यामुळे ही माणसं कुठल्याच पावतीवर नसतात आणि विचारलं तर आजही लोक ‘पाहुणे होते’ म्हणतात. आमच्या वाड्यात असे निदान चौघं राहून गेले. एक जण तर सहा वर्षं ‘पाहुणे’ होते. त्यांची नोंद फक्त टपालात आहे.

लग्नपत्रिकेवर घरातली वडीलधारी माणसं उतरत्या क्रमाने छापलेली असतात, खाली पत्ता असतो, आणि कोण हयात आहे तेही नावामागच्या ‘कै.’ वरून कळतं. भांड्यांकडे शेवटी येते.

एका घराचे तीन नंबर

आता कचेऱ्या. सगळ्यात जास्त वेळ फुकट जातो तो नंबरांच्या घोटाळ्यात. पत्त्यात लिहितो तो पेठेतला घर नंबर निराळा. सिटी सर्व्हे नंबर निराळा. महापालिकेच्या करखात्याचा मिळकत क्रमांक आणखी निराळा. तिन्ही एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. घरपट्टीच्या बिलावर यांतले निदान दोन मिळतात. त्याहून जुन्या कागदांत गेलात तर पेठेचं नावही बदलतं: वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार, मलकापूर म्हणजे रविवार, विसापूर म्हणजे शुक्रवार.

नगर भूमापन कार्यालयात, म्हणजे सिटी सर्व्हेच्या कचेरीत, मिळकत पत्रिका मागा, तिलाच लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. वर मूळ धारकाचं नाव, खाली तारीखवार फेरफार: खरेदी, वारस, वाटप, बोजा. जुनी हस्तलिखित पत्रिका आग्रहाने मागा. नव्या छापील उताऱ्यात जुन्या, कंस केलेल्या म्हणजे रद्द झालेल्या नोंदी नेहमी नीट उतरत नाहीत, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. त्याबरोबर सिटी सर्व्हे झाला तेव्हाची चौकशी नोंदवही पाहायला मागा. मालकाने आपला हक्क कशावरून सांगितला, हे तिच्यात लिहिलेलं असतं. मला एका कचेरीत तीनदा ‘सापडत नाही’ असं सांगून परत पाठवलं. चौथ्यांदा मी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली, मग आठ दिवसांत नोंदवही निघाली. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या.

पत्रिकेवरच्या छोट्या अक्षरांकडे लक्ष द्या. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, त्या एका नावामागे तीन-चार भावांचे संसार असतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हे एखाद्या बाईच्या नावापुढे दिसलं, तर लहान मुलं मागे ठेवून नवरा गेला, हे समजा. आमच्या वाड्याच्या पत्रिकेवर अशी एक आई आहे, आणि तिने अकरा वर्षं हा वाडा राखला. कुणाच्याही आठवणीत ती नव्हती.

फेरफारात दस्त क्रमांक आणि साल मिळालं की दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे दस्त नोंदवण्याच्या कचेरीत जा. तिथल्या सूची क्रमांक २ मध्ये मिळकतीवरून शोधता येतं, सूची १ मध्ये माणसाच्या नावावरून. नंबर लागत नसेल तेव्हा नावाने शोधा. अलीकडचे दस्त संगणकावर मिळतात, जुन्यासाठी खंड उघडावेच लागतात. वकिलांसाठी सर्च घेणारी, म्हणजे जुने दस्त शोधून देणारी मंडळी तिथे रोज असतात. त्यांना पैसे देऊन एक दिवस बरोबर घ्या. माझ्या तीन आठवड्यांचं काम त्यांनी एका दुपारी केलं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

दस्त हाताशी आला की लोक किंमत बघतात आणि पान उलटतात. चतुःसीमा वाचा. ‘पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस अमुक यांचा वाडा, पश्चिमेस सामाईक बोळ’ या चार ओळींत शेजारच्या तीन घरांचे त्या सालचे मालक फुकट मिळतात. ‘तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेपासहित’ ही ठरीव भाषा आहे, तिच्यावरून अंगणात झाड होतं असं लिहू नका.

आणि माझी मोठी चूक सांगते, ती तुम्ही करू नका. १९२६ चा एक दस्त पाहून मी वहीत नवा मालक लिहून मोकळी झाले. तो दस्त मुदतखरेदीचा होता. दिसायला विक्री, पण ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले की घर परत. बऱ्याचदा हे कर्जच असायचं, आणि जुनं कुटुंब त्याच घरात राहत असायचं. इथेही तसंच होतं. पाच वर्षांनी घर सुटलं, ते घरातल्या मुलीच्या लग्नाच्या सुमारास पुन्हा गहाण पडलं, आणि तिसऱ्या खेपेस सुटलं नाही. म्हणून प्रत्येक ‘खरेदी’च्या पुढच्या दहा वर्षांत तेच घर उलट्या दिशेने फिरलं का, हे पाहिल्याशिवाय मालक बदलला असं म्हणू नका.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारस नोंदींत मुलींची नावं येऊ लागतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रं. त्यावर सासरचं नाव, सासरचं गाव असतं. वाड्यातल्या लेकी कुठे गेल्या, ते मला तिथे मिळालं. इंदूर, मिरज, कल्याण. त्यांतल्या एकीच्या मुलाने चौकाचा एक फोटो पाठवला. आमच्या चौकाचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही.

भाडेकरूंसाठी दोन ठिकाणं. महापालिकेच्या कर आकारणीच्या जुन्या उताऱ्यात मालकाखाली भोगवटादारांची नावं असतात, खोलीवार आणि भाड्यासकट. तो उतारा मिळाला तर सोनं मिळालं असं समजा. दुसरं म्हणजे कोर्ट. वाटपाचा दावा किंवा भाडेकरूला काढायचा दावा झाला असेल, तर त्या कागदांत वाड्याचा नकाशा, राहणाऱ्यांची यादी आणि साक्षी असतात. भांडकुदळ घराण्यांचा इतिहास शोधायला सोपा जातो, हे मी अनुभवाने सांगते. फक्त दाव्यातलं एका बाजूचं म्हणणं खरं धरून बसू नका.

मोडी आणि त्याआधीचं

एकोणिसाव्या शतकात शिरलात की मोडी लागते. तेवढ्यासाठी शिकायची तयारी असेल तर उत्तम, नाहीतर जाणकाराकडून वाचून घ्या. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतं आहे, तिथे नम्रपणे विचारलं की वाट सापडते. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, रुमालांत बांधलेलं. पण साधा घर नंबर घेऊन तिथे जाऊ नका. घराण्याचं नाव, हुद्दा, इनाम असं काही हाताशी असेल तरच जा.

कागदावर ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं साल दिसलं तर घाबरू नका. हे शुहूर सन, अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहायची जुनी कालगणना. अर्बा चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७४. त्यात ५९९ मिळवा, १७७३ आलं. हे वर्ष मृगापासून म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून धरतात, तेव्हा तारीख जानेवारीनंतरची असेल तर ६०० मिळवा. शके असेल तर ७८ मिळवा, वर्षअखेरीच्या पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९. त्रिंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. घराण्यातलं कोण कधी आलं, कुठे राहणारं, हे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरलेलं आहे. छापील कुलवृत्तांत असेल तर आधी तो, पण त्यातल्या बायकांच्या नोंदी फार तोकड्या असतात.

आमचा माग १८८० च्या दशकापर्यंत गेला आणि थांबला. वाडा पेशवाईतला असल्याचं सगळे सांगत. मला त्याचा एकही पुरावा मिळाला नाही, म्हणून मी तसं लिहिलेलं नाही. काही जण नाराज झाले.

घर स्वतः काय सांगतं

पाडकाम सुरू व्हायच्या आधी एक पूर्ण दिवस टेप, बॅटरी आणि खडू घेऊन नुसत्या घरासाठी ठेवा. खांबाचे तळखडे, तुळया, कडीपाट, कोनाडे, दिवळ्या मोजा. बुजवलेला कोनाडा म्हणजे तिथे कधीतरी भिंत फिरली, खोली दोन बिऱ्हाडांत वाटली गेली. कडीपाटावर काजळी कुठे आहे पाहा. दिवाणखान्याच्या छताला काजळी असेल तर तिथे कुणाची तरी चूल पेटत होती. आमच्या दिवाणखान्याला अशा दोन काळ्या जागा होत्या, दोन संसार.

कौलांवरचे छाप वाचा, पण जपून. बासेल मिशनच्या मंगळुरी कौलावर १८६५ असतं. ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नाही. त्यावरून इतकंच म्हणता येतं की ते छप्पर १८६५ नंतरचं. तसंच टाटांचा छाप असलेली तुळई १९१२ च्या आधीची असू शकत नाही, कारण त्यांचं पोलाद तेव्हा निघू लागलं. छप्पर नवं म्हणून जोतं नवं, असंही नाही. पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत असेल तर जमिनीपासून तिची उंची मोजा आणि फोटो काढा. आमच्याकडे ती रंगाच्या चार थरांखाली होती, जिन्याच्या आतल्या अंगाला.

लिहिताना हयात माणसांची परवानगी घ्या. कर्ज, दावे, आजार यांतलं काय घालायचं ते त्यांना ठरवू द्या. मात्र वाड्यात जागा कुणाला दिली जायची आणि कुणाला नाही, ते झाकू नका. आमच्या सातही बिऱ्हाडांची जात एकच होती, आणि तो योगायोग नव्हता. मैला उचलायला येणाऱ्या माणसाला मागच्या बोळातून यावं लागे, चौकात पाऊल टाकता येत नसे. तो बोळ माझ्या आराखड्यात आहे आणि तो कशासाठी होता हेही तिथे लिहिलेलं आहे.

आता भांडी. आपल्याकडे मुंज, लग्न, डोहाळजेवण, कशाचंही भांडं आलं की त्यावर नाव आणि तारीख घालून घेत. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं ते नाव घासून घासून पुसट होतं. चिंच लावून घासू नका, उरलंसुरलंही जाईल. भांडं कोरडं करा, खडूची पूड बोटाने हलकेच चोळा, वरची पुसून काढा आणि बॅटरी बाजूने तिरकी धरा. ठिपक्यांत पांढरं अडकतं आणि अक्षरं उठतात.

वहिनींच्या माळ्यावर एक मोठं तपेलं होतं, काठ चेपलेला, कल्हई कधीच उडालेली. ते मोडीत द्यायच्या ढिगात होतं. आत काही नव्हतं. बाहेरून गळ्याजवळ खडू चोळला तेव्हा एका बाईंचं पूर्ण नाव निघालं, वडिलांच्या नावासकट, पुढे ‘यांजकडून चि. सौ. हिचे लग्नात’ आणि शके १८६३. म्हणजे १९४१-४२. वहिनींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. ‘आमच्या वन्संच्या लग्नातलं,’ त्या म्हणाल्या, ‘आणि हे आडनाव आमच्यात कुणाचंच नाही. हे बाईंचं.’ मी आराखडा उघडला आणि माजघरामागच्या खोलीत ते नाव लिहिलं.